.२२ पिस्तूल भरवशाचं आहे का, ते ठरवायचं कसं

रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, .२२ पिस्तूल (साधारण .२२ इंच जाडीची गोळी मारणारं) असलेल्या कुणालाही विचारा, कसं चालतंय, तर उत्तर ठरलेलं, एकदम मस्त, कधी अडकत नाही. आणि शेजारच्याच बाकावर तेच मॉडेल घेऊन आलेला माणूस दर मॅगझिनला (काडतुसांच्या पेटीला) एकदा तरी थांबून अडकलेली पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच, काढत असतो. दोघंही खरंच बोलत असतात. कारण आपण भरवसा पिस्तुलाच्या नावावर लिहितो आणि .२२ च्या बाबतीत तो एकट्या पिस्तुलाचा कधीच नसतो, पिस्तूल, मॅगझिन आणि काडतूस या तिघांचा मिळून असतो, त्यातलं एक बदललं की आधीचा सगळा अनुभव नव्यानं तपासायला लागतो.

मी पेनसिल्व्हेनियात राहते, इथे बॅकग्राउंड चेकचा फॉर्म भरून दुकानातून पिस्तूल घेता येतं, आणि माझ्याकडे रुगर कंपनीचं मार्क फोर हे .२२ पिस्तूल आहे. ही कंपनी मुळात १९४९ साली एका .२२ पिस्तुलावरच उभी राहिली, तेव्हा त्याची किंमत साडेसदतीस डॉलर होती, मार्क फोर २०१६ चं असलं तरी त्याच घराण्यातलं. बॅरल रिसीव्हरला (पिस्तुलाच्या वरच्या मुख्य सांगाड्याला) पक्की बसवलेली, आत फक्त बोल्ट, म्हणजे काडतूस मागून बंद करणारा दट्ट्या, मागेपुढे होतो, त्यामुळे नेम फार छान लागतो. जुन्या मॉडेलांत उघडून परत जोडायची भयंकर कटकट होती, यात मागचं एक बटण दाबलं की वरचा भाग उचलून वेगळा होतो, आणि मला हे भरवशाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी सुधारणा वाटते कारण कटकट असली की लोक साफ करायचं पुढे ढकलतात.

आता काडतूस. ९ एमएमच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध प्रायमरची छोटी टोपी असते, फायरिंग पिन तिच्यावर आपटते. .२२ ला ती नसते. बुडाची जी बाहेर आलेली कड असते ना, ती आतून पोकळ असते आणि पेट घेणारा मसाला ओला असतानाच काडतूस गरागरा फिरवून त्या कडेत पसरवतात. सगळीकडे सारखा पसरला तर उत्तम, एखाद्या ठिकाणी कमी पडला आणि पिन नेमकी तिथेच आपटली तर नुसता टक्क आवाज येतो. १८८७ पासून हे काडतूस जवळपास असंच चालू आहे, स्वस्त आहे, धक्का कमी आहे, म्हणून शिकायला यासारखं दुसरं नाही.

स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ जिंकलं ते याच काडतुसावर, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड घेतलं तेही याच काडतुसावर. पण त्या रायफलचा बोल्ट हातानं ओढायचा असतो, पुंगळी हातानं बाहेर, नवीन काडतूस हातानं आत. पिस्तुलात हे सगळं गोळीच्या धक्क्यावर आपोआप व्हावं लागतं आणि .२२ चा धक्का तो केवढा, थोडी काजळी जमली, गोळीवरचं थोडं मेण साठलं, की बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी दारात उभी अडकते.

२५ मीटर पिस्तूलच्या रॅपिड भागात टार्गेट ३ सेकंद दिसतं, ७ सेकंद लपतं, असं पाच वेळा. त्यात पिस्तूल अडकलं तर खेळाडूनं स्वतः खटपट करायची नसते, पिस्तूल टार्गेटकडेच धरून मोकळा हात वर करायचा, अधिकारी येऊन बघतो की दोष कशात आहे. मला ही पद्धत घरच्या टेस्टिंगलाही फार पटते. पिस्तूल थांबलं की लोक लगेच खटाखट बोल्ट ओढतात आणि जो पुरावा होता तो जमिनीवर पडून जातो. टक्क झालं आणि बार उडाला नाही तर पिस्तूल समोरच धरून निदान ३० सेकंद थांबायचं, कारण कधीकधी मसाला उशिरा पेटतो. मग काडतूस काढून त्याची कड नीट बघायची. पिनचा खड्डा खोल आणि स्पष्ट असेल तर बहुतेक काडतुसाचाच दोष. खड्डा उथळ असेल तर पिस्तुलाकडे बघा, पिनच्या खाचेत घाण आहे का, बोल्ट पूर्ण बंद झाला होता का. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुस्स आला तर पुढची गोळी अजिबात मारायची नाही, पिस्तूल रिकामं करून आधी बॅरल बघायची, गोळी आत अडकलेली असू शकते.

नवीन काडतूस चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या खोबणीत, जिथे ते उडतं) न जाता नाक वर करून अडकलं तर मी आधी मॅगझिन बघते. .२२ ला ती कड असल्यामुळे वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोघं एकमेकांना धरून बसतात. मॅगझिन भरताना त्याच्या बाजूचं बटण अंगठ्यानं पूर्ण खाली ओढून काडतुसं धडाधड टाकली की हे हमखास होतं, म्हणून बटण एकेका काडतुसापुरतंच खाली घ्यायचं, प्रत्येक कड खालच्याच्या पुढे बसली का ते बघायचं. मी मॅगझिनांच्या बुडाला मार्करनं नंबर टाकलेत आणि वहीत तारीख, काडतुसाचा प्रकार, मॅगझिनचा नंबर आणि काय झालं ते लिहिते, तिथेच कळलं की फीडिंगचे (काडतूस आत सरकण्याचे) जवळजवळ सगळे प्रॉब्लेम बाहेरच्या कंपनीच्या एकाच मॅगझिनचे होते आणि पिस्तूल उगाच बदनाम होत होतं.

किती राउंड (गोळ्या) मारले की विश्वास ठेवायचा, हे सगळे विचारतात. एक सोपं गणित आहे, एकही बिघाड न होता जितके राउंड झाले त्यानं ३ ला भागायचं. ३०० राउंड विनाअडथळा गेले तरी ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की बिघाडाचं प्रमाण शंभरात एकापेक्षा जास्त नसावं. एक ५० चा डबा छान गेला म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, तेवढ्यावर शंभरात सहा बिघाडसुद्धा लपलेले असू शकतात. आणि हे त्या एका काडतुसापुरतं. ४० ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्टँडर्ड वेलॉसिटी, म्हणजे साध्या वेगाचं, सेकंदाला साधारण १०७० फूट, हाय वेलॉसिटी १२०० च्या वर, काही पिस्तुलं पहिल्यावर आळसावतात आणि दुसऱ्यावर सुरळीत चालतात, काहींना टार्गेटसाठीचं हलकंच मानवतं. म्हणून वेगवेगळ्या प्रकारांचे छोटे डबे आणून चालवून बघा, जे चाललं तेच मोठ्या प्रमाणात घ्या. थंडीत परत तपासा, गोळीवरचं मेण घट्ट होतं आणि उन्हाळ्यात चालणारं काडतूस जानेवारीत कुरकुर करतं.

साफ करून मग टेस्ट करायची का तशीच, यावर वाद चालतात. मी मुद्दाम साफ न करता चालवते आणि कुठे अडखळायला लागतं ते लिहून ठेवते, कारण मला तीच मर्यादा कळायला हवी असते, मग त्याच्या बऱ्याच आधी साफ करायचं. साफ करताना चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली दात घासायचा जुना ब्रश फिरवला की बरंचसं काम होतं.

घराच्या संरक्षणासाठी हे ठेवावं का, तर माझं स्पष्ट उत्तर आहे, ठेवू नये. कडेतल्या मसाल्याचा प्रश्न कितीही चांगलं पिस्तूल घेतलं तरी सुटत नाही. मी ते रेंजसाठीच ठेवते, घरी रिकामं करून, कुलुपात, काडतुसं वेगळ्या कपाटात.

सेकंडहँड मार्क फोर घेत असाल तर एक गोष्ट चुकवू नका. १ जून २०१७ च्या आधी बनलेल्या पिस्तुलांचं कंपनीनं रिकॉल काढलं होतं, म्हणजे दोष दुरुस्त करायला ती परत मागवली होती, सेफ्टी अर्धवट असताना ट्रिगर ओढून सोडला आणि मग सेफ्टी फायरवर नेली तर बार उडू शकत होता. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून बघा, विकणाऱ्याला दुरुस्ती झाल्याचा कागद मागा आणि तो मिळेपर्यंत त्यात काडतूस भरू नका.