तुम्ही विचारलंत म्हणून: मॅडम, हल्ली भांडत का नाही?

"मॅडम, हल्ली तुम्ही भांडत नाही. काहून?"

वर्षातून चार-पाच वेळा तरी हे कोणी ना कोणी विचारतंच. कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला जुना विद्यार्थी, कधी भुसावळच्या फलाटावर अचानक भेटलेली मैत्रीण. विचारण्यात काळजी असते आणि थोडी निराशाही. फुकटात बघायला मिळणारा तमाशा बंद पडला, अशी. कारण मी भांडायचे खरी. विज्ञानकथा, फँटसी, सुपरहिरोंचे सिनेमे यांची मला शाळेपासून आवड. त्याच आवडीच्या माणसांत बायकांना आणि काळ्या माणसांना कसं वागवतात हा विषय निघाला की माझा चहा हमखास गार व्हायचा.

तर विचारलंतच म्हणून सांगते.

जळगावात आमचं एक वाचकमंडळ होतं. नाव-बिव काही नव्हतं. एका मित्राच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बारा-पंधरा जण जमायचो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला, वरचा पंखा नुसती गरम हवा ढवळतोय, तरी लोक यायचे. बायका आम्ही तिघी. पहिल्याच बैठकीत एका गृहस्थांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. "विज्ञानकथा आवडतात म्हणता, मग आसिमोव्हचे यंत्रमानवांचे तीन नियम सांगा बरं." मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. तोंडी परीक्षा घ्यायची सवय आहे, द्यायची मोडली होती. तरी तिन्ही सांगितले आणि वर आसिमोव्ह या अमेरिकन विज्ञानकथाकाराने १९८५ च्या कादंबरीत आणलेला शून्य क्रमांकाचा नियमही सांगितला. गृहस्थ खूश. म्हणाले, "वा! मिस्टरांची आवड दिसते." माझे मिस्टर बँकेत आहेत, त्यांना क्रिकेट आणि शेवभाजी यांपलीकडे कशातही रस नाही.

हा किस्सा मी इतक्यांदा सांगितलाय की त्याची धारच गेली. पण पुढची गोष्ट कमी वेळा सांगितली आहे. त्यानंतर माडीवर जितके नवे पुरुष आले, त्यांतल्या एकालाही कोणी तीन नियम विचारले नाहीत. जितक्या मुली आल्या, त्यांना काही ना काही विचारलं गेलं. मी ते बोलून दाखवायचे. ते म्हणायचे, "छे हो, सहज विचारलं." पुढच्या महिन्यात नवी मुलगी, नवं 'सहज', आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

तेव्हा माझ्याकडे दोन हुकमी दाखले होते. पहिला आपल्याकडचा. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपलं नाव बघून परीक्षक भारावू नयेत म्हणून. कथेला बक्षीस मिळालं. हे मंडळात सगळ्यांना पाठ. दुसरा त्याच काळातला, अमेरिकेतला. जेम्स टिपट्री ज्युनियर नावाचा लेखक तिकडे गाजत होता, पण त्याला प्रत्यक्ष कोणी पाहिलेलं नव्हतं, सगळा व्यवहार पत्रांनी. ही बाई असावी अशी कुजबुज होती. रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नावाजलेल्या लेखकाने १९७५ मध्ये लिहून टाकलं की हे पटत नाही, या लिखाणात मुळातच काहीतरी पुरुषी आहे. दोनेक वर्षांत उघड झालं की टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन, साठी ओलांडलेली बाई. सिल्व्हरबर्गने चूक मोकळेपणाने कबूल केली, त्याचं मला कौतुक आहे. आमच्या माडीवर तेवढंही कधी झालं नाही. दोन्ही गोष्टी सांगून मी विचारायचे: एकाने नाव मोठं म्हणून लपवलं, दुसरीने कशासाठी लपवलं असेल? उत्तर ठरलेलं. "मॅडम, हे तिकडचं झालं."

तिकडचं. वर्णद्वेष हा शब्दही आमच्याकडे तिकडचाच, पेपरातला. घरात तो कोणी उच्चारत नाही. घरात 'मुलगी काळी आहे पण नाकीडोळी नीटस' एवढ्यात काम भागतं. त्यातला 'पण' मी चाळीस वर्षं ऐकतेय.

आमच्या मंडळातला एक जण एकदा पुण्याला अशाच एका जमावात गेला. हुशार पोरगा, वाचन दांडगं. बोलता बोलता अहिराणीचा हेल लागला आणि तिथल्या दोघा-तिघांनी नकला सुरू केल्या. नंतर दिवसभर तो बोलायला उभा राहिला की आधीच हशा. परत आला तो संतापाने थरथरत होता. आम्ही सगळे त्याच्या बाजूने. आणि बरोबर दोन महिन्यांनी तोच पोरगा मला म्हणाला, "पण जलपरी काळी? शोभत नाही हो. बघणाऱ्याला आपली वाटली पाहिजे ना."

हा वाद तुमच्याही कानावर आला असेल. 'द लिटल मर्मेड'च्या नव्या सिनेमात हॅली बेली ही काळी गायिका जलपरी होणार हे २०१९ मध्ये जाहीर झालं, सिनेमा २०२३ ला आला, आणि मधली चार वर्षं जगभरचे चाहते तिच्या रंगावरून भांडत बसले. आमच्या माडीवरचा मुख्य मुद्दा मूळ गोष्टीशी इमान राखण्याचा. ठीक. मूळ गोष्ट हान्स अँडरसनची, १८३७ ची. तिच्यात जलपरीची कातडी गुलाबपाकळीसारखी आहे, डोळे निळे आहेत, हे मी मान्य करते. पण तिच्यात जलपरीची जीभ कापतात, राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो आणि जलपरी समुद्राचा फेस होते. १९८९ च्या कार्टूनने तिचं राजपुत्राशी थाटात लग्न लावून दिलं. तेव्हा इमान कुठे गेलं होतं?

हे मी सांगितलं. चांगलं सांगितलं असावं, कारण सगळे गप्प झाले. घरी येताना मात्र एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. 'बघणाऱ्याला आपली वाटली पाहिजे' हे मी आधी कुठेतरी वाचलं होतं. कपाटात शोधून काढलं. सॅम्युअल डिलेनी हा काळा विज्ञानकथाकार. त्याने १९९८ च्या एका लेखात सांगितलंय की त्याची 'नोव्हा' ही कादंबरी जॉन कॅम्बेल या दबदब्याच्या संपादकाने मासिकात क्रमशः छापायला नाकारली. कादंबरी आवडली, पण नायक काळा आहे, आमच्या वाचकांना तो आपला वाटणार नाही, असा निरोप आला. 'नोव्हा' पुस्तकरूपाने आली १९६८ मध्ये. म्हणजे जे वाक्य एका अमेरिकन संपादकाने त्याआधी म्हटलं, तेच पन्नासहून अधिक वर्षांनी जळगावच्या माडीवर, अहिराणीवरून हसं झालेला पोरगा मला ऐकवत होता. त्याने कॅम्बेलचं नावही ऐकलेलं नव्हतं. कोणी शिकवल्याशिवाय आलं होतं त्याला.

माझी थकायची सुरुवात त्या रात्री झाली असं धरा.

त्याआधीची काही वर्षं आनंदाचीही होती, ते सांगायला हवं. ह्यूगो हा विज्ञानकथेचा मानाचा पुरस्कार, चाहत्यांच्या मतांवर दिला जाणारा. २०१५ मध्ये एका गटाने आधीच ठरवलेल्या याद्यांवर एकगठ्ठा मतं टाकून नामांकनं बळकावली. तक्रार अशी की हल्ली बायका आणि काळे लोक केवळ बायका आणि काळे म्हणून जिंकतात. बाकीच्या मतदारांनी पाच विभागांत 'कोणालाच पुरस्कार नको' यालाच निवडून दिलं. आणि पुढची लागोपाठ तीन वर्षं, २०१६, १७, १८, उत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो एन. के. जेमिसिन या काळ्या बाईने नेला. लागोपाठ तीनदा तो आधी कोणालाच मिळाला नव्हता. तिसऱ्यांदा मी माडीवर पेढे वाटले. २०१९ मध्ये नव्या लेखकांच्या पुरस्कारावरून कॅम्बेलचं नावही उतरवलं गेलं. मला वाटलं, झालं एकदाचं, बाग कापून झाली.

मी फैजपूरकडची. केळीवाल्या घरातली बाई असं म्हणते म्हणजे कमालच आहे. केळीचा घड उतरवला, झाड कापलं, तरी बाग संपत नाही. त्याच कंदातून पिल, म्हणजे नवा कोंब, येतं, त्याचा पिलबाग धरतात. आणि नको असलेली पिलं तर अगदी लागवडीच्या वर्षापासून, दर दोन-तीन आठवड्यांनी विळा घेऊन कापत राहायची. नाहीतर ती मूळ झाडाचं अन्न खातात आणि घड बारीक पडतो. आमच्या आजीचं त्या कामाचं वेगळं लुगडं होतं. केळीच्या चिकाचे डाग आधी दिसत नाहीत, वाळले की काळे पडतात आणि मग कशानेच जात नाहीत. आजीने कधी 'पिलं पुन्हा आली' म्हणून कपाळाला हात लावलेला मी पाहिला नाही. पण आजीच्या जोडीला दोन गडी आणि तीन जावा होत्या, हेही लक्षात घ्या.

आता जे सांगायचं ते जरा जड आहे.

मंडळात सातपुड्याकडून, यावलच्या वरच्या पाड्यावरून एक मुलगा यायचा. पावरा आदिवासी. कॉलेजात होता, बोलायचा कमी. एकदा एका कथेवर चर्चा चालली होती, परग्रहावरच्या रानटी टोळ्यांची कथा. तो म्हणाला, "यातले रानटी लोक आमच्यासारखे दिसतात. कमरेला तेच, गळ्यात तेच. नाच पण आमचाच." एवढंच. माडीवर शांतता झाली. ती शांतता त्याची होती. त्याला अजून काही बोलायचं होतं, मान वर केली होती त्याने. आणि मी, त्याच्या बाजूची, सुरू झाले. वीस मिनिटं बोलले. वसाहतवाद, डिलेनी, सगळं आलं त्यात. मुद्देसूद बोलले. दोघांनी उलट वाद घातला, मी त्यांना गार केलं. तो मुलगा खाली सतरंजीचा दोरा काढत बसला होता. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नंतर बसस्टँडवर भेटला तेव्हा विचारलं. "परीक्षा होती, मॅडम," म्हणाला. परीक्षा नव्हती, त्याच्या कॉलेजची वेळापत्रकं मला माहीत असतात.

वाद जिंकायची सवय लागली की असं होतं. समोरचे तर तेच बोलत होतेच, मीही तेच बोलत होते. माझे दाखले, माझे विराम, कुठे आवाज चढवायचा, सगळं ठरलेलं. तीन नियम विचारणाऱ्या गृहस्थांना मी जितकी पाठ झाले होते, तितकेच ते मला पाठ होते. दोन जुने तमासगीर.

मंडळ पुढे करोनात बंद पडलं ते पडलंच.

गेल्या डिसेंबरात भावाच्या शेतात भरीत पार्टी होती. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ. भरीत करणं हे आमच्याकडे पुरुषांचं मानाचं काम. भाजणार ते, ठेचणार ते, मिरची किती यावर भांडणार ते. पुऱ्या लाटायला आणि मागचं आवरायला मात्र बायकाच लागतात. त्या दिवशी मी लाटायला बसले नाही, जाळाजवळ जाऊन वांगी परतत उभी राहिले. भावाने एकदा बघितलं, काही बोलला नाही.

पुण्याहून सुट्टीला आलेला पुतण्या जाळावर हात शेकत म्हणाला, "आत्या, काही म्हण, पण जलपरी काळी दाखवणं म्हणजे अतीच होतं. मूळ गोष्टीचं काय?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनीने तर लाटणं थांबवलं.

मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात पुऱ्यांच्या घोळक्यातून भाची उठली, अकरावीतली, कोपरापर्यंत पीठ. "मूळ गोष्ट वाचलीयस का तू? त्यात तिची जीभ कापतात. शेवटी ती मरते. आणि ती गोष्ट आहे १९३७ ची, तेव्हाच्या लोकांना..."

सन शंभर वर्षांनी चुकलं होतं. मी वांगं परतलं.