रंगीत मेसन

साक्ष कायद्याच्या वर्गात उलटतपास शिकवताना मी दरवर्षी पेरी मेसन या वकिलावरच्या अमेरिकन टीव्ही मालिकेचा एक भाग दाखवते. १९५७ ते १९६६ या काळात सीबीएस वाहिनीवर या मालिकेचे २७१ भाग झाले. बहुतेकांमध्ये खटल्याआधीची प्राथमिक चौकशीच असते, ज्यूरी नाही. त्यामुळे मेसन, साक्षीदार आणि न्यायाधीश एवढ्यावरच लक्ष राहतं.

यंदा मुलांनी धरलंच, "मॅडम, ब्लॅक अँड व्हाइट नको." रंगीत भाग एकच, २७ फेब्रुवारी १९६६चा, 'द केस ऑफ द ट्वाइस-टोल्ड ट्विस्ट'. तो लावला. आधी पुन्हा बघून घ्यायला हवा होता. पेपर तपासण्यात राहून गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

गोष्ट डिकन्सच्या ऑलिव्हर ट्विस्टवरून बेतलेली. पोरांची टोळी गाड्यांचे सुटे भाग काढून विकते आणि मेसनच्याच गाडीवर हात मारते. पोरांना हाताशी धरणाऱ्याचं काम व्हिक्टर ब्युओनोने केलंय. माणूस जबरदस्त, पण सगळा भाग त्याच्याच मागे धावतो. एरवी साक्षीदाराच्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही. इथे ती भिंतींवर, कपड्यांवर, गाड्यांवर फिरत राहिली. आणि कोर्टात मला तरी प्रश्नावर प्रश्न रचत गेलेला मेसन भेटला नाही.

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, यात उलटतपास कुठेय?"

तिचं बरोबर होतं. मी प्रोजेक्टर बंद केला.

वीस मिनिटं उरली होती. पिशवीत वकिलीच्या दिवसांतल्या एका जप्ती पंचनाम्याची झेरॉक्स होती, नावं खोडलेली. चाकू जप्त, वेळ दुपारी ४.१० ते ४.३०. पंचाने सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, सांगितलं होतं की दुकान बंद करून निघालो तेवढ्यात पोलिसांनी हाक मारली. मी पंच झाले, आणि उलटतपासाला त्या मुलीलाच पुढे बोलावलं.

"तुम्ही दुकान किती वाजता बंद करता?"

"पाचला."

"रोज?"

"रोज."

"त्या दिवशीही पाचलाच केलंत?"

"हो."

"त्याआधी पोलीस तुमच्याकडे आले नव्हते?"

"नाही."

वर्गात कोणी हालत नव्हतं. तिने श्वास घेतला, "मग पंचनामा..." मी हात वर केला. हा प्रश्न विचारलास तर पंच म्हणेल, त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, लवकर बंद केलं. मिळवलेलं सगळं गेलं. तो युक्तिवादासाठी ठेव. पंचाला बसू दे.

ती थांबली. मग फळ्यावर जबानीच्या भाषेत लिहिलं, 'मी त्या दिवशी पाच वाजता दुकान बंद केले. त्यापूर्वी पोलीस माझ्याकडे आले नव्हते.' बाकावर परत जाऊन तिने झेरॉक्सवरच्या ४.१० भोवती पेनाने गोल केला आणि कागद शेजारणीकडे सरकवला.