बेडला बाटली लागेपर्यंत

एमडी झालं, पुढे संसर्गरोगांचं शिक्षण झालं, बेळगावात येऊन हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोलची, म्हणजे हॉस्पिटलातच संसर्ग पसरू न देण्याची, जबाबदारी घेतली. इथवर सगळं सुरळीत. अडलं ते हँडरबच्या, म्हणजे हातांना चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावाच्या, बाटलीपाशी.

आयसीयूत बाटल्या होत्या, पण नर्सिंग स्टेशनवर. एका पेशंटचं कॅथेटर बघून सिस्टर शेजारच्या पेशंटकडे वळते, तेव्हा मध्ये हात चोळायला ती चार बेड ओलांडून जाणार का? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हात स्वच्छ करायच्या ज्या पाच वेळा सांगितल्या, त्या पाचही पेशंटजवळच येतात. म्हणून प्रत्येक बेडच्या कांबीला बाटली हवी, एवढीच मागणी होती.

समितीने ठराव केला. फाईल स्टोअरला गेली आणि तिथेच बसली. हँडरब औषधांच्या हेडखाली (खर्चाच्या खात्यात), बाटली अडकवायची क्लिप फर्निचरच्या. दोन हेड एका इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, चालत नाहीत. क्लिपचा इंडेंट वेगळा केला, तर तीन कोटेशन आणा. ती दिली, तर आर्थिक वर्ष संपतंय, एप्रिलनंतर बघू. एप्रिलात नवे साहेब आले. "डॉक्टर, वॉर्डात बेसिन आहे की!" साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, हँडरबला २० ते ३०, हे त्यांना टेबलापाशी उभं राहून सांगितलं. मान डोलावली, सही केली नाही. खानापूर-चंदगडहून उसनवारी करून आलेली माणसं एका आजारासाठी भरती व्हायची आणि आमच्याच वॉर्डात दुसरा पदरात पडायचा. तो राग अजून गेलेला नाही.

फाईल हलली ती आकड्याने. महिन्यात किती लिटर हँडरब खपलं, त्याला पेशंट-दिवसांनी (रोजच्या भरती पेशंटांची महिन्याची बेरीज) भागून हजाराने गुणायचं. किमान २० लिटर तरी यायला हवेत. आम्ही त्याच्या आसपासही नव्हतो. आकडा स्टोअरच्याच रजिस्टरमधला, त्यामुळे नाकारायचा कसा? सही झाली.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी खपाचं रजिस्टर पहिल्याच दिवशी मागून घ्यावं. क्लिप मागवण्याआधी कांब मोजा, जुन्या लोखंडी बेडची गोल असते. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) या आतड्यातल्या जंतूचे जुलाब असतील तिथे मात्र साबण-पाणीच वापरायचं, त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं त्याचं रूप, अल्कोहोलने मरत नाहीत. नातेवाइकांसाठी पाटी कन्नड आणि मराठी दोन्हीत लावा. आणि हो, अर्धी बाटली वरून भरून देणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. संपली की नवीच लावायची.