लघवीचं कल्चर होतं, मग दाताचं का नाही?

लघवीला जळजळ झाली की डॉक्टर कल्चर करायला सांगतात, दोन दिवसांत रिपोर्ट येतो आणि कोणती गोळी लागू पडेल ते कळतं. मग दाताच्या मुळाशी पू झाला तर हीच तपासणी करून नेमकी गोळी का देत नाहीत? पुण्यातल्या एका डेंटल कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी जंतू वाढवण्याचं काम करते, त्यामुळे लग्नकार्यात असो की सोसायटीच्या जिन्यात, हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. प्रश्न अगदी रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

दाताचं कल्चर करता येतं आणि आम्ही ते करतोही. पण लघवी डबीत धरून आणता येते, दाताच्या मुळातला नमुना तसा आणता येत नाही. तोंडात मुळातच जंतूंची वस्ती असते. थुंकीचा थेंब जरी मिसळला, तरी रिपोर्ट मुळाचा न राहता तोंडाचा होतो. म्हणून आधी रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावून तो दात बाकीच्या तोंडापासून वेगळा काढायचा. मग दात हायड्रोजन पेरॉक्साइडने आणि आयोडीनने पुसायचा. ते आयोडीनही नंतर दुसऱ्या रसायनाने निकामी करावं लागतं, नाहीतर नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत पोचण्याआधीच मरतात. त्यानंतर ड्रिलच्या निर्जंतुक टोकाने (बरने) दात उघडायचा, मुळाच्या नळीत कानशीसारखी बारीक फाइल फिरवायची आणि सुईसारखी निमुळती कागदी वात (पेपर पॉइंट) मिनिटभर आत ठेवून ओलावा टिपून घ्यायचा. दुखऱ्या दाताचा रुग्ण खुर्चीत आणि बाहेर आणखी चारजण थांबलेले असताना हे सगळं नीट पार पाडणं सोपं नाही.

नमुना हाती आला की खरी अडचण सुरू होते, ती हवेची. १९७६ साली स्वीडनमध्ये गोरान सुंदक्विस्त यांनी कीड न लागता, नुसता मार लागून नस मेलेले दात तपासले. वरून धड दिसणाऱ्या त्या दातांत जंतू सापडले, आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन सहन न होणारे होते. नेहमीच्या पद्धतीने प्लेट, म्हणजे जंतूंचं खाद्य घातलेली चपटी बशी, लावून उबदार पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) ठेवली तर यांच्यातलं काहीच उगवत नाही आणि रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो. तो वाचून रुग्णाला वाटतं, दातात काहीच नाही.

म्हणून आम्ही रक्त, हेमिन (रक्तातलं लोहयुक्त द्रव्य) आणि ‘के’ जीवनसत्त्व घातलेल्या प्लेटा ऑक्सिजन काढून टाकलेल्या जारमध्ये ३७ अंशांवर ठेवतो. जार उघडला की आधी वास येतो, कुजका, नाकात बसणारा. प्लेटवर बारीक करड्या ठिपक्यांची दाटी असते आणि त्यांत काही वसाहती हळूहळू तपकिरी होत जाऊन शेवटी काळ्याभोर होतात. त्या प्रिव्होटेला किंवा पॉर्फिरोमोनास या जंतूंच्या. काळ्या पडण्याआधी त्यांच्यावर अतिनील दिवा धरला तर बऱ्याच विटकरी लाल चमकतात. इतकी वर्षं झाली तरी त्या दिव्याखाली प्लेट धरली की माझी नजर खिळून राहते. पण एका दातात एकच जंतू नसतो. प्रत्येक जात वेगळी करायची, पुन्हा वाढवायची आणि मग त्या शुद्ध वाढीवर औषधाची पट्टी ठेवायची. पट्टीच्या एका टोकाला औषध दाट, दुसऱ्या टोकाला विरळ. जंतू मेलेल्या जागेचा लंबगोल पट्टीला जिथे येऊन भिडतो, तो आकडा वाचायचा. वाढ रोखायला किमान किती औषध लागतं, ते तिथे कळतं. या सगळ्यात आठवडा जातो, कधी दोन. सूज इतकं थांबत नाही.

मग या तपासणीचा उपयोग काय? फार मोठा, फक्त तो त्या एका रुग्णापुरता नसतो. अनेक रुग्णांचे निकाल एकत्र पाहिले की डॉक्टरने पहिल्यांदा कोणती गोळी लिहावी ते ठरवता येतं. २००३ साली अमेरिकेत बॉमगार्टनर आणि शिया यांनी दाताच्या गळवांतून वाढवलेले ९८ जंतू अशाच पट्ट्यांवर तपासले. अमॉक्सिसिलिन ९१ टक्के जंतूंवर चाललं, क्लॅव्हुलॅनिक आम्ल जोडल्यावर १०० टक्के, आणि एकटं मेट्रोनिडॅझोल फक्त ४५ टक्क्यांवर. मेट्रोनिडॅझोलचं कारण सरळ आहे. ते ऑक्सिजन नसलेल्या जागी जगणाऱ्या जंतूंच्या पेशीतच कामाला लागतं, गळवातल्या, ऑक्सिजनमध्येही जगणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंना ते काही करत नाही. क्लॅव्हुलॅनिक आम्ल लागतं ते मुख्यतः प्रिव्होटेलासाठी, कारण तिच्यातल्या काही जाती पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम तयार करतात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५०च्या दशकात पेनिसिलिन बनायला लागलं. त्याच घराण्यातलं अमॉक्सिसिलिन दाताच्या बहुतेक जंतूंवर आजही चालतं. ते असंच चालत राहावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आणि म्हणूनच हे कळकळीने सांगते: प्लेटवर औषध लागू पडलं म्हणजे दातातही पडेल असं नाही. नस मेली की त्या नळीतला रक्तपुरवठाच संपतो. गोळी पोटातून रक्तात जाते, रक्त दाताच्या आत जातच नाही, मग औषध पोचणार कसं? शिवाय प्लेटवरचे जंतू सुटे असतात, नळीच्या भिंतीवरचे मात्र माठाच्या तळाशी बसणाऱ्या बुळबुळीत थरासारखे चिकट थर करून राहतात, आणि त्या थरात ते कितीतरी जास्त औषध पचवतात. गोळीने दोन दिवस ठणका कमी झाल्यासारखा वाटतो, पण जंतूंचं घर तसंच राहतं. तिथले जंतू काढायचे तर नळी फाइलने साफ करायची, सोडियम हायपोक्लोराइटने धुवायची, पू असेल तर वाट करून द्यायची, नाहीतर दात काढायचा. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली हेच सांगितलं: प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या प्रौढ माणसाच्या दातावर उपचार लगेच होणार असतील, तर बहुतेक दातदुखीत आणि मुळाशीच मर्यादित असलेल्या गळवात अँटिबायोटिक देऊ नये. आपल्याकडे मात्र दात ठणकला की माणूस कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘सहाशे पंचवीस’च्या, म्हणजे अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक आम्लाच्या, चार गोळ्या घेतो आणि ठणका थांबला की उरलेल्या दोन ड्रॉवरमध्ये ठेवतो. पुढच्या वेळी त्याच गोळ्या घरातलं दुसरं कुणीतरी घेतं. हे पाहिलं की मला खरंच काळजी वाटते.

त्या एका रुग्णासाठी कल्चर लागतं, पण वेगळ्या वेळी. सूज गालावरून गळ्याकडे उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर कशाचीही वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठायचं. तिथे अँटिबायोटिक लगेच सुरू होतं आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडल्यास बदलतात. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात आणि उपचार करूनही सूज न उतरणाऱ्या रुग्णातही कल्चर पाठवावं. रूट कॅनाल करूनही पुन्हा पू होणाऱ्या दातांत एन्टरोकोकस फिकॅलिस हा चिवट जंतू बरेचदा सापडतो. त्याच्यावर क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जात्याच चालत नाही, म्हणून तिथेही रिपोर्ट हाताशी असलेला बरा.

अशा रुग्णाचा पू पाठवणाऱ्या डॉक्टरांना माझी एकच विनंती असते. कापसाचा स्वॅब पाठवू नका. शक्य असेल तर सिरिंजने ओढा, आतली हवा काढून टाका, सिरिंजचं तोंड टोपणाने बंद करा आणि लगेच पाठवा. कोणतं औषध केव्हा सुरू केलं, ते फॉर्मवर लिहा. रुग्ण रात्री आला असेल तरी नमुना फ्रिजमध्ये ठेवू नका, आम्हाला फोन करा.