ख, ससा

बालवाड्यांसाठी खेळांच्या आणि व्हिडिओंच्या संकेतस्थळांची यादी करायचं काम दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतं. वय तीन ते सहा, भाषा मराठी, फुकट, आणि स्वस्तातल्या फोनवर चालायला हवं. लोकांना वाटतं, बसून बडबडगीतं बघायची. पण एकेका स्थळाला दोन फोन लागतात. एक कोरा, त्यावर कुठलंही खातं उघडलेलं नाही. दुसरा एखाद्या आईच्या रोजच्या वापरातला, तिला विचारून घेतलेला. जाहिराती फोन बघून येतात: कोऱ्यावर साबण दिसतो, आईच्या फोनवर झटपट कर्ज.

यंदा शेवटी दोन स्थळं उरली, आणि ती अजून डोक्यातून जात नाहीत.

पहिलं कागदावर नितळ. जाहिरात नाही, नाव-गाव विचारत नाही, पालकांच्या विभागाला कुलूप. आमच्या तपासणीच्या तक्त्यात चाळीसपैकी सदतीस गुण. मग मुळाक्षरं उघडली. ख दाबला, ससा उड्या मारत आला आणि गोड आवाज म्हणाला, "ख, ससा." ग ला कुंडी. अ ला डाळिंब. मूळ हिंदीतले खरगोश, गमला, अनार. चित्रं तशीच ठेवून शब्द तेवढे बदललेले. ट वाचला, कारण टमाटरचा टोमॅटो झाला. ळ गायबच. ळ ने शब्द सुरू होत नाही, त्यामुळे 'बाळातला ळ' असं चित्र मुद्दाम काढावं लागतं. भाषांतर करणारा कशाला त्या भानगडीत पडेल?

ल आणि श हिंदी वळणाचे. मराठीसाठी या दोन अक्षरांचं वळण शासनाने २००९ मध्ये ठरवून दिलं आहे. आणि हा दोष पुष्कळदा फॉन्टचा नसतोच. पानाच्या कोडमध्ये भाषा हिंदी लिहिलेली असते; तिथे मराठी लिहिलं की ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं आहेत तो आपणहून ती दाखवतो. कोडमधल्या दोन अक्षरांची दुरुस्ती! पण हे सगळं मिळून आमच्या तक्त्यात 'भाषा योग्य आहे का' या एका गुणात बसतं, आणि तेवढाच एक गुण 'संपर्काचं पान आहे का' यालाही आहे. तक्ता करणाऱ्यांनी स्थळं लॅपटॉपवर, माउसने तपासली होती.

माउसला न कळणारी गोष्ट म्हणजे ओढून ठेवायचे खेळ. तीन वर्षांचं मूल फोन डाव्या हातात धरतं आणि त्याचा अंगठा काचेवर टेकलेला राहतो. फोनला ते दुसरं बोट वाटतं. ओढणं मध्येच तुटतं, नाहीतर पानच मोठं होतं. फळ परत टोपलीत जातं आणि मुलाला वाटतं आपलं चुकलं. याच स्थळावर बरोबर उत्तराला नुसती घंटी वाजते, चुकीच्या उत्तराला हत्ती चिखलात धपकन पडतो. मुलं अर्थातच हत्तीला पाडत बसतात, आणि बाईंना दिसणाऱ्या अहवालात 'अंक ओळख कच्ची' असा लाल शेरा येतो.

दुसरं स्थळ कुणी एकट्या माणसाने केलेलं दिसतं. मराठी अशी की ऐकत राहावं. चमच्यातला च वेगळा, चिमणीतला वेगळा. जाळ्यातला ज आणि जिभेतला ज तसेच. मोजणी तर फारच विचाराने केलेली. बोरावर बोट ठेवल्याशिवाय पुढचा आकडा येत नाही, म्हणजे एका बोराला एकच आकडा. पाचवं बोर झालं की आवाज थांबतो आणि विचारतो, "मग किती बोरं?" पाचपर्यंत घडाघडा म्हणणारी कितीतरी मुलं इथे पुन्हा एकपासून सुरू करतात. आकडे पाठ असणं आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळी बोरं हे कळणं, या दोन पायऱ्या आहेत. बहुतेक मोजणीगाणी पहिलीवरच नाचत बसतात.

पण प्रत्येक खेळानंतर जाहिरात. स्थळाचा 'पुढे' बाण राखाडी, शेजारी जाहिरातीतला बाण हिरवागार. मूल कुठे बोट ठेवेल, हे सांगायला नको. मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याच्या कलम ९ मध्ये वर्ज्य केल्या आहेत. पण फोन आईचा, म्हणजे जाहिरात पाठवणाऱ्या यंत्राच्या लेखी समोर आईच बसलेली.

शेवटी या दुसऱ्या स्थळावर एक उपाय करून पाहिला. खेळ पूर्ण उघडू द्यायचा आणि मग फोन विमान मोडवर टाकायचा. मोजणीचा खेळ अखंड चालला, जाहिरातींच्या जागी पांढरे चौकोन. मुळाक्षरांचा मात्र च पाशीच मुका झाला, कारण प्रत्येक आवाज त्या त्या वेळी नेटवरून उतरतो.

म्हणून यादीत दुसऱ्या स्थळाची फक्त मोजणी लिहिली आहे, विमान मोडच्या सूचनेसकट. पहिलं स्थळ वगळलं. सदतीस गुण असून का वगळलं याचं कारण समितीने मागितलं आहे, मी त्यांना ससा पाठवला आहे. दुसऱ्याचं मात्र टोचतं. ज्याने बोरं इतकी नीट मोजली, त्याची कमाई त्या चौकोनांतूनच येत असणार, आणि ते पांढरे कसे करायचे हे आता मीच बालवाड्यांना शिकवणार आहे.