सरासरी बंद करून बघा

जर्मनीत स्टुटगार्टला पहिल्या सेमिस्टरला, फायनाइट एलिमेंट पद्धतीच्या विषयात, आम्हाला एल आकाराचा एक साधा ब्रॅकेट दिला होता. एक टोक भिंतीला पक्कं, दुसऱ्या टोकावर भार. मी कॉम्प्युटरवर त्याची मेश केली, म्हणजे त्याचे छोटे छोटे तुकडे पाडले, गणित सोडवायला लावलं, आतल्या कोपऱ्यात ताण आला १८० मेगापास्कल. मेश निम्म्या आकाराची केली, तर २४७. आणखी निम्मी केली, ३३८. अख्खी संध्याकाळ इनपुट तपासण्यात गेली आणि त्यात काहीच चूक सापडली नाही. मी कोपरा अगदी धारदार काढला होता, आणि तसल्या कोपऱ्यात स्थितिस्थापकतेच्या गणितानुसार ताण अनंत होतो. मेश जितकी बारीक करावी तितका आकडा चढतच राहणार होता.

हे मला तोवर ठाऊक नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. कारण स्टुटगार्टला येण्याआधी दोन वर्षं मी हिंजवडीत हेच काम करत होते. गाड्यांच्या पार्टचं मेशिंग. वॉर्पेज, स्क्यू, जेकोबियन, ॲस्पेक्ट रेशो, तुकड्यांचा आकार नीट आहे का हे बघणारे सगळे निकष पास झाले की फाइल पुढे पाठवायची. सोडवणारी टीम दुसऱ्या देशात. मेश मी जीव ओतून करायचे, एकही वाकडा एलिमेंट, म्हणजे तुकडा, राहू द्यायचे नाही. पण शेवटी आलेला आकडा खरा मानायचा की नाही, हा प्रश्न माझ्या टेबलापर्यंत कधी आलाच नाही.

जे या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. वेड्यावाकड्या आकाराचा पार्ट एका समीकरणात मावत नाही. म्हणून त्याचे हजारो तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा स्प्रिंगसारखा साधा वागतो असं धरायचं, इतका जोर लावला की इतका सरकणार. तुकडे एकमेकांना ठरावीक बिंदूंवर, म्हणजे नोडवर, जोडलेले. सगळ्यांचा हिशेब एका मोठ्या मॅट्रिक्समध्ये मांडला की प्रत्येक नोड किती सरकला ते कळतं, आणि त्यावरून ताण काढता येतो. सगळ्यात साध्या त्रिकोणी तुकड्यात तर सगळीकडे ताण एकच धरलेला असतो. म्हणजे ही सरळसरळ आजीची गोधडी आहे, एका तुकड्याला एकच रंग.

पण स्क्रीनवर गोधडी दिसत नाही. निळ्यातून हिरवा, हिरव्यातून लाल, सगळं अलगद मिसळलेलं दिसतं. सॉफ्टवेअर शेजारच्या तुकड्यांच्या आकड्यांची नोडवर सरासरी काढतं आणि मग रंगवतं. इथे गणितं सोडवून घेण्याच्या तासाला यूबुंग म्हणतात. तिथल्या सहायक शिक्षकांनी आम्हाला सगळ्यात आधी सांगितलं, ही सरासरी बंद करून बघा. मी केली. माझ्या ब्रॅकेटच्या कोपऱ्यापाशी दोन शेजारच्या तुकड्यांत दुपटीचा फरक होता. खऱ्या लोखंडात ताण असा पायरी उतरल्यासारखा बदलत नाही. ती पायरी म्हणजे आपल्या उत्तरातली चूक, आणि ती नेमकी कुठे आहे हेही तीच दाखवते. पुण्यात दोन वर्षं ते गुळगुळीत रंग मी रिपोर्टांमध्ये पाहत होते. आज मला ते पाहवत नाहीत.

हे शिकायला मी नेमक्या ठिकाणी आले आहे, असं इथे रोज वाटतं. या पद्धतीच्या जनकांपैकी एक, ग्रीसमधल्या व्होलोसला १९१३ साली जन्मलेले जॉन आर्गिरिस, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून १९५९ मध्ये स्टुटगार्टला आले आणि त्यांनी इथे संस्था उभी केली. विमानाच्या रचनेचं गणित मॅट्रिक्समध्ये मांडणारी त्यांची लेखमाला १९५४-५५ ची. अमेरिकेत टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा याच पद्धतीवरचा निबंध १९५६ चा, आणि ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिक स्टेडियमवर तारांच्या जाळ्याचं जे छत आहे, त्याच्या हिशेबात आर्गिरिस यांच्या संस्थेचा वाटा होता. त्या छतामागचे वास्तुरचनाकार फ्राय ऑटो यांनी माँट्रियलच्या १९६७ च्या प्रदर्शनासाठी आधी चाचणी म्हणून बांधलेला तंबू आमच्या फाइहिंगेनच्या कॅम्पसवरच उभा आहे. मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, जेवून येताना मी वाट वाकडी करून त्याच्याजवळून जाते.

परीक्षेत कॉम्प्युटर नव्हता. तीन दांड्यांची कैची (ट्रस), मॅट्रिक्स हाताने मांडायची, हाताने सोडवायची. आधार द्यायला विसरलं की मॅट्रिक्स सुटतच नाही, कारण न टेकलेली वस्तू नुसती तरंगत राहते. हे मी एरर मेसेजमध्ये कित्येकदा वाचलं होतं. कागदावर छेदाच्या जागी शून्य आलं तेव्हा समजलं.

आणि एका लेक्चरला नॉर्वेच्या स्लाइपनर ए या समुद्रातून वायू काढायच्या प्लॅटफॉर्मची गोष्ट झाली. २३ ऑगस्ट १९९१. स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये त्याचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत होते. एक भिंत फुटली, पाणी आत घुसलं आणि सगळं बुडालं. माणसं वाचली. चौकशीत निघालं की भिंती जिथे मिळतात त्या सांध्यात एलिमेंट जाड आणि वेडेवाकडे होते, त्यामुळे तिथला कातर ताण (एक भाग दुसऱ्यावरून सरकवू पाहणारा) ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला, शिवाय तिथली सळईही आखूड पडली होती. नंतर बारकाईने हिशेब केला तेव्हा पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात तो फुटला ६५ मीटरवर. म्हणजे पद्धत तीच, आणि नीट वापरली तर इतकी जवळ जाणारी. त्या दिवशी मी वहीत फक्त हे दोन आकडे लिहून घेतले.

रविवारी घरी फोन असतो. पप्पा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर आहेत, ओतकामाचे नमुने बनवतात, तीस वर्षं झाली. ब्रॅकेटचं सांगायला सुरुवात केली तर त्यांनी मधेच विचारलं, “आतला कोपरा धारेचा ठेवलास व्हय? रेडियस न्हाई दिलास?” ओतकामात आतल्या कोपऱ्याला गोलाई दिली नाही तर धातू थंड होताना तिथूनच तडा जातो, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. मी पाच मिलिमीटरची गोलाई दिली आणि पुन्हा मेश बारीक करत गेले. २०१, २१४, २१७. आकडा थांबला.

सरासरी बंद केलेलं चित्र मी त्यांना पाठवलं. ते बराच वेळ मोबाइलवर मोठं करून बघत होते. मग म्हणाले, “कोपरा बरा झाला. पण वरच्या भोकापाशी हे दोन तुकडे शेजारी असून रंग एवढा येगळा कसा गं?”

तिकडे मी मेश जाडच ठेवली होती. फोन चालू ठेवून मी लॅपटॉप उघडला.