पेरभर कंद

रात्री साडेनऊच्या सुमारास रुग्णालयातून फोन आला. आमच्या संस्थेतला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह मी सांभाळते. अपघात विभागातल्या डॉक्टर अधूनमधून एखादं पान, बी किंवा मुळीचा तुकडा ओळखण्यासाठी मला बोलावतात. त्या दिवशी त्या घाईत होत्या. "एका गृहस्थांनी सकाळी घरी काढा करून घेतलाय. दुपारपासून उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब थांबत नाहीयेत. घरच्यांनी भांडं आणलंय, चोथ्यासकट. येता का?"

नुसत्या चोथ्यावरून वनस्पती ओळखणं फार अवघड असतं. उकळलं की रंग जातो, वास बदलतो, पानांच्या शिरांचा लगदा होतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली पिष्टाचे कण आणि पेशींचे आकार तपासत बसावं लागतं, तोवर रुग्णाचे मोलाचे तास निघून जातात. त्या रात्री तसं झालं नाही, कारण त्यांच्या पत्नीने भांड्याबरोबर एक कापडी पिशवीही उचलून आणली होती. घाबरलेल्या माणसाला इतकं भान राहणं ही मोठी गोष्ट आहे. पिशवीत चार-पाच वाळलेले कंद होते आणि वेलीचा हातभर तुकडा होता.

वेल हातात घेतल्या घेतल्या माझी नजर पानाच्या टोकाकडे गेली. लांबट पान, देठ जवळजवळ नाहीच, शिरा समांतर, आणि टोक निमुळतं होत होत शेवटी वेटोळं झालेलं. शेजारच्या काटकीला धरून चढण्यासाठी ही वेल पानाचं टोकच वापरते. कंद मधोमध वाकलेला, दोन फाट्यांचा, नांगरासारखा. म्हणूनच संस्कृतात हिला लांगली म्हणतात. मराठीत कळलावी, खड्यानाग. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं हिचं फूल एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही.

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "कळलावी आहे. म्हणजे कोल्चिसिनची विषबाधा. दुसरा कुठलातरी कंद समजून घेतला असणार."

पलंगावरून आवाज आला. क्षीण होता, पण शब्द स्पष्ट होते. "चुकून नाही घेतला बाई. कळलावीच आहे. मला माहीत आहे."

आजवर मी पाहिलेल्या अशा प्रसंगांत चूक ओळखण्यात झालेली असायची. हे गृहस्थ वनस्पती अचूक ओळखून, ठरवून घेऊन इथे पोचले होते.

त्यांनी पत्नीला खुणेने पिशवीतली वही काढायला सांगितली. शंभर पानी, कोपरे झिजलेली. प्रत्येक पानावर एका वनस्पतीचं पेन्सिलीने काढलेलं चित्र, पाहिल्याची तारीख, जमीन कशी, ऊन किती, फुलं केव्हा. कळलावीच्या चित्रात पानाचं वळलेलं टोक वेगळं मोठं करून काढलेलं. माझे विद्यार्थी संग्रहाच्या चिठ्ठ्या इतक्या मनापासून लिहीत नाहीत. आणि चित्राखाली एका ओळीत उपयोग: "गाउट. पेरभर कंद, दोन कप पाण्यात, अर्धं आटवून."

त्यांची गोष्ट तुटक तुटक कळली. गाउट या सांध्यांच्या विकाराने पायाच्या अंगठ्याचा सांधा वर्षातून दोन-तीनदा सुजायचा. डॉक्टरांनी कोल्चिसिनच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या होत्या. हे द्रव्य वनस्पतीतून मिळतं, आणि त्यांच्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवरच्या कळलावीतही तेच असतं, हे त्यांनी वाचून शोधून काढलं. त्यांचं वाचन चुकीचं नव्हतं. फ्रान्समध्ये पेल्तिए आणि काव्हांतू यांनी १८२० मध्ये कोल्चिकम या कंदवर्गीय वनस्पतीतून हे द्रव्य वेगळं केलं, आणि कळलावी त्याच कुळातली आहे. मग कारखान्यातली गोळी कशाला, जे गोळीत आहे तेच निसर्गातून घेऊ, असा त्यांनी विचार केला. त्या सकाळी सूज जास्त होती, म्हणून एका पेराऐवजी दोन पेरं घातली. कंदात विष असतं हेही त्यांना ठाऊक होतं, पण ते उकळल्यावर जाईल अशी त्यांची समजूत होती. कोल्चिसिन उकळून नष्ट होत नाही. ते पाण्यात उतरतं, म्हणजे जे टाळायचं होतं तेच काढ्यात आलं.

आयुर्वेदाने लांगलीला उपविषांत ठेवलं आहे, आणि शोधन, म्हणजे विष उतरवण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय ती वापरायची नाही असं सांगितलं आहे. वहीत शोधनाचा उल्लेख कुठेच नव्हता.

उपचार सुरू झाले होतेच. शिरेतून सलाइन, आणि पुन्हा पुन्हा विष शोषून घेणारी औषधी कोळशाची पूड, कारण हे द्रव्य पित्तावाटे आतड्यात परत येत राहतं. कोल्चिसिनवर हाताशी ठेवता येईल असा उतारा नाही, आणि ते पेशींमध्ये इतकं खोल शिरतं की डायलिसिसने धुऊन निघत नाही. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचे जुने अहवाल मागवले. अलीकडे कुठली अँटिबायोटिक घेतली होती का तेही विचारलं, कारण क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधाबरोबर कोल्चिसिन शरीरात साचत जातं. सुदैवाने तसं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या पत्नीचा फोन आला. जुलाब थांबले होते, पेज पोटात राहिली होती, आणि ते घरी सोडा म्हणत होते. मी डॉक्टरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "खरं तर आता घाबरायचे दिवस आहेत." कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं, त्यामुळे ज्या पेशी सतत नव्या होतात त्यांना सगळ्यात आधी मार बसतो. पहिल्या दिवशी आतड्याचं अस्तर, पुढच्या काही दिवसांत रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा. मधे एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्याच भरवशावर माणसं घरी निघून जातात. चौथ्या दिवशी त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरल्या, प्लेटलेटही. वेगळ्या खोलीत ठेवावं लागलं, पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं द्यावी लागली.

ते दिवस मी प्रयोगशाळेत काढले, आणि ती वहीतली ओळ डोक्यातून जात नव्हती. पेरभर. शेवटी मी त्यांच्या पिशवीतले उरलेले कंद घेतले आणि खात्यातल्या तिघांना आपापल्या बोटाच्या पेराएवढा तुकडा कापायला सांगितलं. तराजूवर ठेवले: २.१ ग्रॅम, ३.४ ग्रॅम, ५.८ ग्रॅम. वाळलेल्या कंदात हजारात एकच भाग कोल्चिसिन धरलं, तरी पहिल्या तुकड्यात चार गोळ्यांएवढं होतं आणि तिसऱ्यात अकरांहून जास्त. आणि हजारात एक हेही आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कंद कुठल्या मातीतला, केव्हा खणलेला, कितपत वाळलेला, यावर ते प्रमाण बरंच वरखाली होतं. कंदाकडे बघून ते कोणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही.

वनौषधींचं मला वेड आहे. घसा धरला की गवती चहा आणि पुदिना मीही उकळते. पण या वनस्पती चूक पोटात घालतात. मूठभराऐवजी दीड मूठ पडली तर काढा जरा उग्र होतो, इतकंच. या गृहस्थांनी वीस वर्षं अशाच वनस्पती वापरल्या, प्रत्येक वेळी गुण आला, आणि त्या यशातून हात सैल झाला. डिजिटॅलिस या हृदयावरच्या औषधी वनस्पतीची गोष्ट मला अशा वेळी आठवते. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांकडे १७७५ मध्ये जलोदरावरचा एक घरगुती नुस्खा आला. त्यात वीसेक वनस्पती होत्या. काम करणारी कोणती हे त्यांनी लवकरच ओळखलं. पण किती द्यायची, पानं कधी तोडायची, कुठे थांबायचं हे नोंदवत त्यांनी पुढची दहा वर्षं घालवली आणि मगच १७८५ मध्ये ते छापलं. मुळाचा गुण झाडाच्या वयाप्रमाणे बदलतो म्हणून त्यांनी पानं पसंत केली, तीही झाड फुलावर असताना तोडलेली. वनस्पती ओळखणं त्यातला सोपा भाग होता.

नवव्या दिवशी पेशी वर येऊ लागल्या. दोन आठवडे उलटल्यावर उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले आणि त्यांच्या पत्नी पुन्हा हादरल्या. हेही त्याच विषाचं, केस परत येतात, असं डॉक्टरांनी समजावलं. पुढे ते आले.

घरी जायच्या आदल्या संध्याकाळी मी वही परत द्यायला गेले. त्यांच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता. कळलावीचं पान उघडून ते म्हणाले, "इथे तुमच्या हाताने लिहा." मी तीन तुकड्यांची वजनं लिहिली, प्रत्येकापुढे गोळ्यांचा हिशोब मांडला आणि खाली लिहिलं: पोटात घेऊ नये. त्यांनी ते बोट ठेवून वाचलं. दुसरा आकडा पुन्हा गुणून पाहिला. तो बरोबर होता.

मग घराच्या मागची वेल उपटून टाकायची का, असं त्यांच्या पत्नीने विचारलं. मी नको म्हटलं. औषधासाठी कंद खणून खणून ही वेल रानातून कमी होत चालली आहे. लहान मुलं जवळ खेळत नसतील तर राहू द्यावी.

त्यांचं आमच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ते वही मागे मागे चाळत होते. धोतऱ्याच्या चित्रावर थांबले. खाली दम्यासाठी म्हणून लिहिलेलं होतं, "अर्धं पान." त्यांनी वही माझ्याकडे वळवली.

"आणि हे?"

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. धोतऱ्यानंतर कण्हेर निघाली, मग रुई, मग एक बी जिचं नाव त्यांनी लिहिलंच नव्हतं. परिचारिका दिवा मालवायला आली तेव्हा आम्ही एकतिसाव्या पानावर होतो.